कारेमातली दाढ

आई,

काल तुझ्या नातीच्या दाढेचं रूट कॅनल झालं. तासभर खुर्चीत बसून घरी आली, अर्धा ओठ लोंबत होता आणि बाई हसत होती. क्रेओलात म्हणाली, सुई टोचली तेवढीच कळली, पुढे डॉक्टर आत काय करत बसला होता कोण जाणे. आणि त्याच दमात, "बरं झालं, आजी नव्हती तिथे." मी चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात राहिलं. तिने तुला पाहिलेलंही नाही. तिला तू ठाऊक आहेस ती एवढीच: गणपतीच्या कारेमात, त्या नऊ दिवसांच्या उपासात, दाढ ठणकत असलेल्या स्वतःच्या लेकीला सुई घेऊ न देणारी म्हातारी. ही गोष्ट तिला मीच सांगितली, आणि एकदा नाही, दरवर्षी.

तुझा राग मला अजून येतो, खोटं कशाला बोलू? तुझे ते नऊ दिवस! कार्तिए मिलितेरच्या मळ्यात थंडीत चहाची पानं खुडून यायचीस आणि ओली साडीही न बदलता आधी कारेमाची भांडी राखेने घासायला बसायचीस. मांस, मासळी, अंडं बंद, हे तर सगळ्यांच्याच घरी होतं. पण आपल्याकडे तुझी आणखी कलमं होती. दुकानचा पाव नको, बाटलीतलं औषध नको, आणि सुई तर नकोच नको, कारण शेजारणीने तुला सांगितलं होतं की सुईतलं औषध जनावराच्या रक्तापासून करतात. तिला हे कोणी सांगितलं, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की तू भांडी जोरात घासायचीस. तुझ्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं.

ऐंशीनंतरचं एखाद-दुसरं वर्ष असेल. मी स्वेटर विणायच्या कारखान्यात लागले होते, स्वतः कमावत होते. कारेमाच्या पाचव्या दिवशी दाढेने उचल खाल्ली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, गाल फुगला तो फुगलाच. सकाळी मी चुलीपाशी बसून रडायला लागले, तर तू कणकेचे हात तसेच ठेवून म्हणालीस, "आमी पोटुशी असून चा खुडला. नव दिसांची गोष्ट, तेवढा पन तुला सोसवत नाय?"

"आयो आई, तुला काय कळत नाय काय?" मी ओरडले. तू कणकेचे हात धुतलेस. शाल गुंडाळलीस आणि डॉक्टरकडे निघालेल्या माझ्या मागोमाग बसमध्ये चढलीस. ऊसतोडीचे दिवस होते, सें पिएरपर्यंत बस उसाच्या गाड्यांमागे रांगत होती, आणि आपण दोघी खिडकीबाहेर बघत बसलो.

दातांचा डॉक्टर तरुण होता, घाईत होता. आरशाने दाढ बघून म्हणाला, नस जिवंत आहे, ती ओढून काढावी लागेल. मग विचारलं, "पिकिर, वी ऊ नों?" सुई, हो की नाही? माझ्या गोष्टीत इथे तू कोपऱ्यातल्या खुर्चीवरून ठामपणे नकाराची मान हलवतेस. डॉक्टर तुला समजावतो, तू ऐकत नाहीस, आणि तो खांदे उडवून कामाला लागतो.

दुखण्याबद्दल मात्र मी कधी वाढवून सांगितलं नाही, ते वाढवताच येत नाही. यंत्र दाढ कोरत जातं तेव्हा आधी थंड लागतं. मग एकाएकी ते आतल्या जिवाला शिवतं, आणि कान, डोळा, मान, सगळं मिळून एकच दाढ होतं. नंतर तो केसासारखी बारीक तार मुळात घालतो, फिरवतो, काढतो, पुन्हा घालतो. माझे पाय खुर्चीवर आपटत होते. कोणीतरी गुरासारखं ओरडत होतं, ते मीच होते. तू माझे दोन्ही घोटे धरून बसली होतीस.

पण तू मान हलवली नव्हतीस, आई. तू उठून उभी राहिलीस. कुठल्या डॉक्टरपुढे कधी तोंड न उघडणारी तू पदर सावरून म्हणालीस, "दोक्तेर, दोन ली पिकिर." तिला सुई द्या. आणि मग माझ्याकडे वळून, "घे गो. गणपती रागवला तर माज्यावर रागवंल." नको म्हणाले ती मी. दोनदा म्हणाले. सकाळच्या बोलण्याचा मला वचपा काढायचा होता, मला किती सोसवतं ते तुला बसून बघायला लावायचं होतं. तू बघितलंस. परतताना सुजल्या तोंडाने मला जिंकल्यासारखं वाटत होतं. याची लाज मला फार उशिरा वाटली.

घरी सगळं ऐकून बाबांनी विचारलं, सुई का नाही घेतली? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "कारेम हाय ना." तिथून ही गोष्ट सुरू झाली. तू ती कधी खोडली नाहीस, आणि तू गेल्यावर खोडणारं कोणी उरलं नाही. मला तर ती सोयीचीच होती. इतकी वर्षं तुझ्यावर चिडायला एक हक्काची जागा.

आज सकाळपासून लेकीला खरं सांगायला तीनदा तिच्या खोलीपर्यंत गेले. दोनदा तिची औषधं विचारून परत आले, तिसऱ्यांदा तेही नाही. मग हा कागद घेऊन बसले. तुला वाचता येत नव्हतं. ती क्रेओल, फ्रेंच, इंग्रजी सगळं वाचते, मराठीचं एक अक्षर तिला ओळखता येत नाही. म्हणून हे मराठीत लिहिलं.