सीमाने रविवार परत केला

गुरुवार, संध्याकाळ

आज जेवण गेलं नाही. सीमाने रविवार परत केला.

बँकेतली नोकरी सोडून पोरगी नाटकाची निर्माती झाली. पहिलंच नाटक माहीमच्या कोळणींचं. त्यांचीच कहाणी, त्यांचीच भाषा, कामंही त्याच करणार. नाट्यगृहाला खेपा घालून घालून रविवार दुपारचा प्रयोग मिळाला. मी चाळीत पेढे वाटले. रविवारी कोळणीला बाजारातून हलता येत नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी जन्मभर रविवारी मासळी खाल्ली!

आज तालमीत हिराबाई, मुख्य काम करणारी, कमरेवर हात ठेवून सीमाला म्हणाली, "रविवारी पाटी टाकून कशी येऊ गो बाय? पापलेटं काय तुझा बापूस विकेल?"

मी तिथेच खुर्चीवर होतो. सगळ्या हसल्या. मीही हसलो.

घोडपदेवला घरी परतताना सीमाला म्हटलं, "दुसऱ्या नट्या घे. रविवार सोडू नकोस."

"मग हे नाटक मी कशाला करतेय, बाबा?" म्हणाली, आणि रस्त्यातच नाट्यगृहाला फोन लावून सोमवार मागितला.

सोमवारी नाटकाला कोण येतं? रविवार हातात होता. हे पडलं तर दुसरं करायला तिला दारात कोण उभं करेल? नोकरी तर गेलीच.

उद्या चाळीत दारोदार सांगून येतो. निदान पहिल्या दोन रांगा भरायला हव्यात. पडदा उघडण्याआधी ती फटीतून बघणार, आणि मला तिचं तोंड बघवणार नाही.