पिलूची मच्छरदाणी

शनि. ४ ऑक्टो.
उद्या नातीला घेऊन सुलतानपूरच्या पार्कात. नीलेश म्हणतो, आई, पक्षी बघायला लोक कुठून कुठून येतात, आपण फरीदाबादचे कधी गेलो नाही. पिलूला आता खालचे दोन दात आलेत. हसली की मी हातातलं काम विसरते. पण धास्ती वाटते. तिथे तळं, म्हणजे डास आलेच. समोरची पोरगी डेंगूने भरती आहे. सूनबाई म्हणाली, फिके, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायांना क्रीम लावा. असू दे. मी पिलूची छत्रीवाली मच्छरदाणी पिशवीत कोंबलीच.

रवि. ५
काय ते पक्षी! पिवळी लांब चोच, शेपटीकडे गुलाबी. नाव सांगितलं होतं नीलेशने, गेलं डोक्यातून. सतरंजीवर पिलू, वर मच्छरदाणी. हलवायाच्या दुकानात जाळीखाली पेढा ठेवतात तशी. एक बाई जाता जाता म्हणते, "अम्माजी, किलो का क्या भाव?" मी म्हटलं, बिकाऊ नहीं है. पुऱ्या खाण्याआधी हातपाय धुतले, त्यात माझं क्रीम गेलं. परत लावायचं राहिलं, पायांना दोन-तीन चावले. घरी येऊन पिलूला उलटीपालटी करून बघितली. एक डाग नाही. बिल्कुल नाही.

शनि. ११
अंग मोडून आलंय. डोळ्यांच्या मागे ठणका. बोलले नाही, चकलीची भाजणी भाजायची होती. पिलूला माझ्याकडे देताना सूनबाईचा हात लागला. "आई, केवढ्या तापलात तुम्ही!" रक्त देऊन आलो.
पिलू रोज दुपारी माझ्याच कुशीत झोपते. आजही...

रवि. १२
रिपोर्ट उद्या. डॉक्टर म्हणाले, तोवर मच्छरदाणीत राहा, दिवसासुद्धा. ताप शिवून लागत नाही, पण तुम्हाला चावलेला डास पुढे घरात कुणाला चावला तर. पुढचं मला ऐकू आलं नाही.
आता जाळीत मी. नीलेश हसवायला म्हणाला, "किलो का क्या भाव, आई?" हसले. सूनबाई नाही हसली, खिडक्या लावत फिरत होती.
पिलू रांगत आली, पलंग धरून उभी राहिली, पंजा जाळीवर ठेवला. जाळीला अंग टेकलं की डास बाहेरून चावतो, हे मीच सगळ्यांना सांगत असते. मी पंजा समोर धरला, बोटभर अंतर सोडून.
ती हसली. दोन्ही दात दिसले.