कानात सांगायची गोष्ट

॥ श्री ॥
अकोला, जुने शहर
कार्तिक वद्य पंचमी, शके १७८५

चि. सौ. सत्यभामेस अमरावतीस, वडील बहीण मैनाबाईचे अ. उ. आशीर्वाद. येथील क्षेम. तुझे असेलच, नातू मुठीत, तुले काय कमी?

नातू माझा, माझ्या लेकाचा लेक. खामगावच्या कापूसबाजारात दलालाकडे लागल्यापासून शेषराव मले दोन ओळी धाडते: आजी, मी बरा, तू बरी अस. अन् तुले म्हणे पानंच्या पानं! त्याच्या बंडीवाल्यानंच सांगितलं. कापसाच्या भावानं सारा मुलूख पागल झाला, अन् माझा पोरगा तुझ्यापायी. नाव तुझं सत्यभामा, जळून राहिली मी. देवानं वाटप उलटंच केलं.

कारण मले ठाऊक आहे. तुले तुझ्या मालकानं पोथीपुरतं वाचायले शिकवलं. माझं पत्र सहदेव पंतोजी ओट्यावर बसून वाचतात अन् गल्ली ऐकते. मागं पोरानं पाठीवरच्या गळवाचं लिहिलं, तं दुसऱ्या दिवशी जो तो मले पोटीस सांगून गेला. हे लिहितानाही पंतोजी हसून राहिले. हसू दे.

लोभ असावा, त्याले वाटून उरेल तेवढा तरी.

॥ श्री ॥
अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

ती. मैनाबाईचे चरणी धाकट्या सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि. बाई, तुझा रुसवा वाचून हसले असते, पण हसण्यासारखं इथं राहिलं नाही.

शेषरावाचं मागचं पत्र आलं ते कोणी आधीच उघडलेलं. जुनी लाख फोडून वर दुसरी लावलेली. त्यात त्यानं लिहिलं होतं की मनात एक गोष्ट आहे, पुढच्या पत्री सांगतो, तोवर कोणाले बोलू नको. चौथ्या दिवशी ठाण्याचा जमादार दारात. ती गोष्ट कोणती, म्हणून मलेच विचारू लागला. मले ठाऊक नाही म्हटलं तर मान हलवून समोरच्या लिंबाखाली जाऊन बसला. तो अजून तिथंच आहे. कोण येतं, कोण जातं, भाजीवालीलेही पुसते.

मूळ असं की शेषरावानं वाटेत एका बैराग्याले बंडीवर घेतलं. सरकार अजून शिपायांच्या बंडातली माणसं हुडकून राहिलं. बैराग्याचं नाव काय, गाव कोणतं, पोराले सांगता येईना. त्यांनी मनात धरलं की पोरगा लपवते. आपल्यात चालत्या माणसाले नाव-गाव न पुसता बसवून घेतात, हे त्यांना कोण समजावणार? मी बंडीवाल्याहाती निरोप धाडला, मनातलं कागदावर घालू नको म्हणून. आता ती गोष्ट तुलेही नाही, मलेही नाही.

माया आहे तशी असू दे, ही विनंती.

॥ श्री ॥
अकोला
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

चि. सौ. सत्यभामेस मैनाबाईचे आशीर्वाद. खोटं काहून बोलू, पंतोजींनी तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी मले गार वाटलं. म्हटलं, बरं झालं, आता तुझाही ओटा झाला.

मग भाकर गोड लागेना. पंतोजी माझ्या समोर वाचतात. त्यांचं तोंड मले दिसते, हसले तं शिवी देता येते. तुझं पत्र वाचणारा तोंड दाखवत नाही. हेही तो उघडत असेल, तं त्याले सांगते: बाबू, आशीर्वाद घे. नाव पुसणं म्हणजे बंडीवरून उतर म्हणणं, हे तुले तुझ्या आजीनं शिकवलं नाही काय? पंतोजी हे लिहायले भिऊन राहिले. मी म्हटलं, लिहा, अंगठा माझा आहे.

लोभ ठेव. जमादाराले त्यातला देऊ नको.

॥ श्री ॥
अकोला
पौष शुद्ध षष्ठी

चि. सौ. सत्यभामेस मैनाबाईचे पोटभर आशीर्वाद. आता तू जळ!

काल शेषराव आला. कापसाच्या हंगामात, दलालाची बोलणी खाऊन. मी भाकरी थापत होती. चुलीपाशी उकिडवा बसला, दाराकडे पाहिलं, अन् ती गोष्ट माझ्या कानात सांगितली. सगळ्यात आधी मले! एवढा मोठा झाला, पण कान लाल झाले होते त्याचे. माझी भाकर करपली, तीच त्यानं खाल्ली.

पंतोजी मघापासून लेखणी बुडवून वाट पाहून राहिले. शाई वाळू दे त्यांची. लिहवून घेणार नाही.

एक मात्र सांगते. पोरगा म्हणते, आता कोणालेच पत्र लिहीत नाही. माझ्या दोन ओळीही गेल्या. तुझी पानं बंद व्हावी म्हणून मी किती जळली, सत्ये; झाली तशी बंद, अन् मले तुझ्याच रिकाम्या हाताची आठवण येते.

म्हणून तू ये. हळद दळून ठेवते, यापुढं काही पुसू नको. कोठं चालली म्हणून जमादार विचारील. सांग, बहिणीचा कान दुखते, फुंकर घालायले जाते.

लोभ कागदावर मावत नाही. येऊन घेऊन जा.