शंभर टक्के लाझ

९ फेब्रुवारी, सकाळ
मुलगी नेर्मिन जर्मनीतल्या कोलोनहून आली. येताना डीएनए टेस्टची नळी आणली. मीच मागवली होती, उद्देश शास्त्रीय. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलाच्या लग्नात माझ्या धाकट्या भावाने, नियाझीने, भर पंगतीत सांगितलं की आमचे आजोबा मुळात हेमशिनी, वरच्या डोंगरातून उतरलेले. सगळे हसले. हेमशिनी वर राहतात आणि आम्हा लाझांवर विनोद करतात. आम्ही खाली काळ्या समुद्राशी राहून त्यांच्यावर करतो. आजोबाच तिकडचे निघाले तर जन्मभर केलेले विनोद कुठे ठेवायचे? तेव्हापासून बोलणं बंद. ओढ्यापलीकडे समोरच त्याचं घर. मी तिकडे बघत नाही.

थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं नव्हतं. मी हम्सी मासे खाल्ले होते. थोडेच. नेर्मिन म्हणाली, बाबा, रिपोर्टमध्ये मासा निघेल. मी म्हटलं, मग लाझ असल्याचं सिद्धच झालं.

११ फेब्रुवारी
नेर्मिन गेली. नळी तिच्या बॅगेत. जाताना म्हणाली, बाबा, काकांशी बोला, दोघंच उरलात इथे. मी म्हटलं, मला वेळ कुठे असतो. तीस वर्षं चहाच्या खरेदी केंद्रावर एक्स्पर्ट होतो मी. मूठभर पाला हातात घेतला की कुणाच्या उतारावरचा ते सांगायचो. माणसाच्या रक्ताचंही तसंच. रिपोर्ट ही फॉर्मॅलिटी.
संकल्प : रोज चालणे. लाझ भाषेचा शब्दकोश लिहिणे. एकट्याने बडबडणे बंद.

२ मार्च
शब्दकोश सुरू. तीन शब्द झाले. चौथ्याच्या अर्थाबद्दल शंका आली. विचारायला कुणी नाही. कॉफीहाउसमध्ये सगळे तुर्की बोलतात, पोरं तर लाझ ऐकून हसतात. आमच्या वाडीची बोली नीट येणारे आता दोघेच. दुसऱ्याला विचारणार नाही. शब्दकोश तूर्त बंद. पाऊस असल्याने चालणंही बंद.

३० मार्च, रमझान बायराम, म्हणजे ईद
सकाळपासून कोट घालून बसलो. बायरामला धाकट्याने थोरल्याकडे यायचं, त्याच्या हाताचं चुंबन घ्यायचं, ही रीत. आला नाही. तोही कोट घालून खिडकीत बसला होता. बघत नव्हतो, दिसला. कुणाची वाट बघत होता कोण जाणे.

२२ एप्रिल
रिपोर्ट आला. नेर्मिनने फोनवर वाचून दाखवला. त्यात लाझ नावाचा रकानाच नाही! कॉकेशस चौऱ्याऐंशी टक्के, उरलेलं अनातोलिया. हेमशिनींचाही रकाना नाही. म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही. म्हणजे मी जिंकलो.
खरी बातमी पुढेच. टेस्टवाल्या कंपनीकडे माझ्या अगदी जवळच्या रक्ताचं एक माणूस सापडलंय. खरं नाव दिलेलं नाही, टोपणनाव 'शिकरा-५३'. नेर्मिन हसायला लागली. म्हणाली, बाबा, ओळखा बघू. यात हसण्यासारखं काय आहे?

२३ एप्रिल
उलगडा झाला. वडील खलाशी होते. त्यांची बोट रुमानियात कॉन्स्टान्त्साच्या बंदराला लागायची. ५३ हे जन्मसाल. म्हणजे मला सावत्र बहीण आहे, एक वर्षाने मोठी. शिकऱ्याचं नाव घेतलं ते उगाच नाही. इथे शरदात निम्मं गाव शिकारीसाठी शिकरे पक्षी धरतं, ती हौस रक्तातून तिकडे गेली. आईला वाईट वाटलं असतं, पण आई आता नाही. दिवसभर आपोआप हसू येत होतं. ती मोठी, तेव्हा हाताचं चुंबन घ्यायला मलाच जावं लागणार. जाईन. रुमानिया काही लांब नाही.

२७ एप्रिल
ताईला कंपनीच्या साइटवरून लाझमध्येच मेसेज पाठवला. आपलं घर, आपला चहा, सगळं लिहिलं. ओढ्यापलीकडे एक धाकटा भाऊ आहे, जिभेला हाड नाही, त्याचं काही मनावर घेऊ नकोस, असंही लिहिलं. तासाभरात उत्तर! 'त्याच्याबद्दल आणखी सांग.' लाझ झकास, थेट आईसारखं. चौथ्या शब्दाचा अर्थही तिने सांगितला. रुमानियात राहून!

३० एप्रिल
ताईने विचारलं, धाकटा लहानपणी कसा होता? मी लिहिलं, भित्रा. ओढ्यावरचा झुलता पूल ओलांडताना माझा सदरा मागून घट्ट धरायचा. सदऱ्याची शिवण उसवायची आणि आई मलाच रागवायची. हे का लिहिलं कळत नाही. रात्री झोप मात्र छान लागली.

९ मे
चहाची पहिली तोडणी चालू आहे. ताईला जेवायला बोलावलं, भाड्याचं बघून घेईन म्हटलं. उत्तर आलं :
'दादा, पाऊस येतोय. दोरीवरचे कपडे काढ.'
दोनदा वाचलं. रुमानियातून माझी दोरी दिसत नाही. ५३ हा आमच्या जिल्ह्यातल्या गाड्यांवरचा आकडा आहे, हे आत्ता आठवलं. नेर्मिनला फोन केला. म्हणाली, काकांनाही नळी मीच दिली होती. त्याचं कॉकेशस सत्त्याऐंशी टक्के निघालं म्हणे. माझ्यापेक्षा तीन जास्त. मशीनमध्ये गडबड असणार.
कपडे आत आणले.

१२ मे
उत्तर दिलेलं नाही. लगेच दिलं तर डोक्यावर बसेल. त्याने दादा म्हटलं, म्हणजे नरमलाय. बायरामला येईलच. तेव्हा तोंडीच बोलू. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे.

६ जून, कुर्बान बायराम
कोट घातला. दुधाची बोरेक, आमची पापुद्र्यांची मिठाई, केली, मोठं ताट भरून. त्याला आवडते म्हणून नव्हे, दूध उरलं होतं. दुपार झाली तरी कुणी नाही. समोरची खिडकी बंद. धुराड्यातून धूर नाही.
नेर्मिनचा फोन. काका परवा बुर्साला मुलाकडे गेले, कायमचे. दादाने साधं उत्तरही दिलं नाही, आता इथे कुणासाठी राहायचं, असं म्हणत होते.
मी म्हटलं, बरं झालं, संध्याकाळी त्याचा दिवा उगाच डोळ्यांवर यायचा.
फोन ठेवल्यावर कोटातच बसून राहिलो. फार वाईट वाटतंय. मग लिहिलं : 'कपडे तेव्हाच काढले होते.'
अजून उत्तर नाही. बायरामच्या दिवशी नेटवर्कवर ताण असतो.