मासा बाहेरचाच ना?

शनिवार, घरी आल्यावर

बोईसरच्या कारखान्याच्या साहेबाने आज मला मुंबईच्या भारी जपानी हॉटेलात नेलं. त्यांचा सांडपाण्याचा पाइप आमच्या दांडी गावच्या समुद्रात सोडायला मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष म्हणून माझी सही हवी आहे, हे ठाऊकच होतं. तिथे मेनू नाही, शेफ देईल ते खायचं. जन्मभर कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासा घेतला नाही मी, आज निमूट कच्चा खाल्ला. चांगला होता, खोटं का लिहू?

पण पहिल्या घासाआधी साहेबाने शेफला हळूच विचारलं, "मासा बाहेरचाच ना? इथल्या किनाऱ्याचा नको."

हळूच का?

मी म्हटलं, "साहेब, आमचे बोंबील कदी खाता की नाय?"

तो नुसता हसला.

उद्या सहीला घरी येतोय. दांडीच्याच बोंबलांचं कालवण करते. आधी ताटभर जेवू दे, मग पेन शोधते.