तिसऱ्या बोअरचे ठोके

मी, वाइसाके तुइनाबुआ, वय २७, राहणार कलाबू, सुवा, विद्यापीठाच्या माती-प्रयोगशाळेतील मदतनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणी न सांगता लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी घाबरलो आहे, पण डोके ठिकाणावर आहे. प्रत्येक शब्द दोनदा तपासला आहे.

१. पत्र्याच्या दोन खोल्या मावशी लेसानीला. तिनेच मला वाढवले. मागच्या दाराची फळी सैल आहे, ती आधी ठोकून घ्यावी.

२. बँकेत जे असेल तेही तिचेच. त्यातले तिने चर्चच्या नव्या सभागृहाला देऊ नये. कारण कलम ४ मध्ये आहे.

३. रबरी बूट मामेभाऊ पेनीला. तसेही ते दोन वर्षे त्याच्याच पायांत आहेत. अकरावीत माझी शाळा सुटल्यापासून तो मला 'मास्तर' म्हणतो. हे मी माफ केलेले नाही.

४. माझ्या बारा नोंदवह्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीत नव्याने सुरू झालेल्या भूतांत्रिक, म्हणजे माती-खडकांच्या, शाखेला. त्यांतील सातव्या वहीचे ३१ वे पान खोटे आहे.

सभागृहाच्या उतारावर मला आणि यंत्रावर मदतीला आलेल्या पेनीला माती तपासायचे तीन बोअर घ्यायचे होते. आमच्या जमिनीखालचा साबणदगड सुका असला की दगड, भिजला की साबण. म्हणून नळी एक फूट खाली जायला घणाचे किती ठोके लागतात, ते दर फुटाला मोजून लिहायचे; ठोके कमी, तर जमीन कच्ची. हे माझे काम. दोन बोअर झाले. तिसरा खालच्या अळूच्या वाफ्यात होता. वाफ्याच्या म्हाताऱ्याने यांगोनाची, पाहुण्याला देतात त्या मुळीच्या गुंगीच्या पेयाची, वाटी पुढे केली.

मी म्हणालो, "आजोबा, काम संपवून बसतो."

पेनी कानाशी लागला, "मास्तर, बस खाली! त्याच्या जमिनीला भोक पाडणार आणि त्याची वाटी नाकारणार? लाज आहे का?"

आम्ही बसलो. पाच वाट्यांनंतर पाऊस आला, यंत्र चिखलात रुतले. नाही जमले, असे सांगायची मला लाज वाटली. दुसऱ्या बोअरचे ठोके होते १४, १७, २१. तिसऱ्यासाठी मी १५, १६, २२ लिहिले. वाफ्यातली माती पायाखाली हलत होती, हे मला माहीत होते.

पूर्वी पदवीच्या चार वर्षांत मातीचा एकच विषय असे. आता चार झाले, ते आमच्या प्राध्यापिका शशीकला गौंडर मॅडम तीन वर्षे भांडल्या म्हणून. विद्यापीठाच्या मंडळापुढे त्यांनी इथल्या जमिनीचा नमुना म्हणून माझी सातवी वही ठेवली. आता बावीस मुले त्या पानावरून उताराचे गणित करतात. मॅडम वर्गात म्हणाल्या, "बघा रे, आकडे कधी जसेच्या तसे येत नाहीत. खरी नोंद अशी असते. आणि अक्षर बघा!" मी मागे नमुन्यांचे डबे पुसत होतो. पुसतच राहिलो.

५. सभागृहाची खणाई २ सप्टेंबरला सुरू होणार आहे. त्याआधी तिसरा बोअर घ्यावा. पेनीला दोष देऊ नये, पेन माझ्या हातात होता. शाखा बंद करू नये. ते पान फाडू नये, खोटे म्हणून शिकवावे.

६. हे लिहिताना लक्षात आले की मृत्युपत्र माणूस गेल्यावरच उघडतात. मी वाचलो तर पाकीट बंद राहील आणि सभागृह उभे राहील. म्हणून साक्षीदारांनी कलम ४ वाचूनच सही करावी. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, त्यामुळे मॅडमना काहीच ठेवलेले नाही. त्यांना जे द्यायचे ते कलम ४ मध्येच आहे.

कलाबू, सुवा. गुरुवार, १५ ऑगस्ट २०१९.

सही: वाइसाके तुइनाबुआ

साक्षीदार १: पाळक जोने वाकालोलोमा. वाचले. खणाई थांबवली आहे.

साक्षीदार २: शशीकला गौंडर. वाचले, दोनदा. मंडळाला मी स्वतः सांगेन. शनिवारी आम्ही यंत्र वाफ्यात नेतोय, पेनी म्हाताऱ्याला सांगायला गेलाय. तुझ्यासाठी खुर्ची आणते. ठोके तूच मोजायचेस.