कावळा शिवायच्या आधी

रविवार, संध्याकाळ

आज सकाळी कुरुळीच्या तात्यांची दशक्रिया झाली. लातूरकडून पत्र्याची पेटी घेऊन इकडं आलो, आमच्या गावचा मी पहिलाच, तेव्हा खोली त्यांनी दिली. शिफ्टवरून आलो की ओट्यावरून विचारायचे, "शंकर, जेवला का रं?" पुढं कारखाना टाकला, नगरसेवक झालो, तरी तेच विचारायचे.

आणि मी काय केलं? माइक घेतला, 'परिवाराच्या दुःखात सहभागी आहोत' म्हणालो. सगळ्याच दशक्रियांना म्हणतो तेच. पिंडाला कावळा शिवायच्या आधीच निघालो. देहूरोडला दुसरी दशक्रिया होती.

आत्ता त्यांच्या मुलाचा, बाळूचा फोन आला. तासभर कावळा शिवेना. नातवंडांना सांभाळू म्हटलं, राहिलेली जमीन विकणार न्हाई म्हटलं, तरी शिवेना. शेवटी काकूंनी हात जोडले, "शंकर जेवूनच जाईल, मग तर झालं?" लगेच शिवला.

मी म्हणालो, "बाळू, मी तर केव्हाच निघालो होतो रे."

"ठावं हाय. आईनं ताट झाकून ठेवलंय."

सातला माझा सत्कार आहे. ताट तिकडं झाकलेलं, आणि मी इथं लिहीत बसलोय. ऊठ, शंकर.